तीन सारांदिस आणि एक उडी

मित्रांनो, घाबरू नका, ही घरघर माझीच आहे. मी एव्हान्थियाबाईंच्या कपाटातला म्हातारा टेपरेकॉर्डर. माझ्या सेलच्या खणाला झाकण नाही, रबरबँड आहे, आणि एक बटण कायमचं रुसलं आहे. पण कान शाबूत आहेत.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. मला तो आठवत नाही, खोक्यावर छापलं होतं म्हणून सांगतो. माणसंही आपल्या बाळपणाबद्दल असंच ऐकीव सांगतात आणि वर डोळे पुसतात, हे मला नंतर कळलं.

बाई मानसशास्त्रज्ञ. माणूस स्वतःची गोष्ट कशी सांगतो, आणि ती सांगता सांगता कसा घडत जातो, हा त्यांचा अभ्यास. मला घेऊन त्या बोटीने आमच्या या बेटावर आल्या आणि घरोघरी एकच प्रश्न विचारत फिरल्या, आज तुम्ही जे आहात ते कोणत्या प्रसंगामुळे? लोक आधी लाजत, मग कॉफी ठेवत, आणि मग थांबायचं नाव घेत नसत. काय मान होता तेव्हा माझा! माझ्याखाली भरतकामाचा रुमाल अंथरत.

बेटावर सारांदिस नावाचे तीन चुलतभाऊ होते. आमच्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. आजोबा सारांदिस, त्यांना तीन मुलगे, म्हणून तिघांचेही थोरले सारांदिसच. आडनावही एक. गावाने आपली सोय बघितली, एक पाववाला, एक नाववाला आणि चर्चमध्ये स्तोत्रं म्हणतो तो स्तोत्रवाला.

आधी पाववाला बोलला. दर जानेवारीत पाद्री समुद्राला आशीर्वाद देऊन क्रूस पाण्यात टाकतात आणि तरणे पोरगे तो काढायला उड्या मारतात. सहा वर्षांचा असताना याने म्हणे कपड्यांनिशी उडी मारली आणि सगळ्यांच्या आधी क्रूस वर काढला. बापाने एक थोबाडीत दिली, मग छातीशी धरलं आणि भट्टीशेजारी नेऊन बसवलं. ती ऊब अंगात मुरली ती मुरलीच, म्हणून तो पाववाला झाला.

दुसऱ्या दिवशी नाववाला बोलला. तीच उडी, तोच क्रूस, थोबाडीतसुद्धा तीच. फक्त याच्या गोष्टीत भट्टी नव्हती. त्या दिवसापासून पाण्याचं भय गेलं, म्हणून तो नाववाला झाला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार?

मग आला स्तोत्रवाला. कोंबडा अंगावर आला तरी मागे सरणारा, पोहता न येणारा माणूस. तो हळूच म्हणाला, "आयुष्यात एकदाच धाडस केलं, बाई. पण केलं."

आणि त्याने तीच उडी सांगितली.

बाई गडबडल्या. बोलून झालं की माणसाला त्याचाच आवाज ऐकवायची त्यांची पद्धत होती. पण कॅसेटींवर नावं सारखी, आडनावं सारखी. त्यांनी पाववाल्याची कॅसेट माझ्यात घातली. चूक त्यांची हं, माझी नव्हे. पोटात घालाल तेच मी बोलतो.

स्तोत्रवाला खुशीत ऐकू लागला. आपला आवाज इतका भारदस्त आहे याचं त्याला नवल वाटलं. मग भट्टी आली, आणि त्याचा चेहरा उतरला. "पण मी पाव कधी भाजले?"

संध्याकाळपर्यंत तिघांनाही एकमेकांची उडी कळली आणि गावभर बोभाटा झाला. पाववाला नावेत बसेना, नाववाला त्याचा पाव खाईना. स्तोत्रवाल्याचा तर गळाच बसला. ऐकलेलं कुणाला कळणार नाही असा बाईंनी शब्द दिला होता. त्या माझ्याशेजारी बसून रडल्या. स्तोत्रवाला दारात येऊन विचारत होता, "तो पोरगा मी नसेन तर मी कोण? नुसता एक भित्रा माणूस?"

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं हे कुणालाच कसं कळलं नाही? अहो, आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस, म्हणजे त्या नावाच्या सगळ्यांचा सण, मोठा. मार्चमध्ये सारांदिसांचा दिवस आला की तिघंही आपापल्या घरी पाहुण्यांचं स्वागत करत बसतात. ही गोष्ट त्याच मेजावर निघायची, एरवी नाही. त्यामुळे एकाची दुसऱ्याला कधी ऐकूच आली नाही. गावकरी मात्र तिन्ही घरी जाऊन तिन्ही वेळा ऐकत. पण ज्याच्या घरचं गोड खाल्लं त्याला खोटं कसं पाडायचं?

शेवटी पोलिक्सेनीआत्याने तिघांना बोलावलं. त्यांच्या बापांची ही बहीण, त्या पिढीतली तेवढीच उरलेली. सगळं ऐकून ती आधी पोट धरून हसली. म्हणाली, "गाढवांनो, उडी माझ्या बापाने मारली. तुमच्या आजोबाने. तुमचे बाप गोष्टीत त्याचं नावच घ्यायचे, आपला सारांदिस सहा वर्षांचा होता तेव्हा. आणि म्हणताना हात तुमच्या डोक्यावर ठेवायचे."

मग पाववाला हसला, नाववाला हसला, दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. स्तोत्रवाला हसला नाही.

आत्या त्याला म्हणाली, "अरे, उडी आजोबाची. पण ती आठवून इतकी वर्षं लोकांसमोर उभा राहिलास तो तूच ना?"

"उसनी उडी मला नको, आत्या," एवढंच बोलून तो गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

जानेवारी आला. बाईंनी मला धक्क्यावर नेलं होतं, स्तोत्रं टिपायला. पाद्रींनी क्रूस टाकला, पोरं पाण्यात पडली, आणि स्तोत्र अर्ध्यावर थांबलं. मी धपकन आवाज ऐकला. स्तोत्रवाल्याने पुस्तक मिटून झग्यानिशी उडी मारली होती! पाठोपाठ नाववाल्याने मारली, त्याला ओढून काढायला. पाववाला काठावर पावाची परात धरून नुसता ओरडत होता. क्रूस भलत्यालाच मिळाला. स्तोत्रवाल्याचा एक बूट गेला. आत्याने त्याला घोंगडीत गुंडाळलं, आणि आधी थोबाडीत द्यायला ती विसरली नाही.

मार्चमध्ये तिघांनी नावाचा दिवस एकाच घरी केला. बाईंनी मला मेजावर ठेवून तोच जुना प्रश्न विचारला. स्तोत्रवाला खाकरला आणि म्हणाला, "मी छप्पन्न वर्षांचा होतो. पाणी बर्फासारखं होतं."

तेवढ्यात पाववाला मध्ये घुसला. "गार? विचारू नका! आम्ही तिघांनी एकदम उडी मारली."

परातीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि माझ्या पोटात त्याचं ओरडणं जसंच्या तसं होतं. बाईंनी स्तोत्रवाल्याकडे बघितलं. त्याने पाववाल्याच्या पेल्यात वाइन ओतली.

"हो," तो म्हणाला, "हाही होता."

बाईंनी हळूच माझं बटण दाबून मला बंद केलं. आता मी कपाटात असतो, आजकाल लोक फोनवरच टिपून घेतात. मित्रांनो, माझी धूळ कधीमधी पुसा, सेल गळू देऊ नका. आणि घरात कुणी आपली गोष्ट सांगत असेल, तर लगेच पुरावा काढायला माझ्याकडे धावू नका. आधी त्याला पुरती सांगू द्या.