कादरचा उंट

सुकदेव चौधरींनी पडद्यावर तो उंट पुन्हा एकदा मारला आणि रतिलालच्या कॉम्प्युटरला विचाराला बसवलं. दुपारी रतिलालच्या कॉम्प्युटर क्लासला विद्यार्थी नसत. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम रतिलालने हौसेने पुण्याहून आणला होता.

“भाऊ, अजून किती वेळ?” रतिलालने विचारलं.

“थांब रे. उंटाचा हा बळी खोटा आहे, त्याला तोड आहे. मला ते छापील पाहिजे. पेपरात देतो.”

वीस वर्षं जळगावात बुद्धिबळ म्हणजे सुकदेव चौधरी. गेल्या महिन्यात जिल्हा स्पर्धेच्या शेवटच्या डावात पिंप्राळ्याच्या कादर टेलरने त्यांच्या राजाशेजारचं प्यादं मारून उंट फुकट देऊन टाकला. सुकदेवांनी राजाने तो मारला. घोड्याचा शह बसला, राजा मागे घरात पळाला, वजीर आला आणि खेळ खलास. तेव्हापासून टपरीवर लोक बिस्किटं मांडून तो डाव एकमेकांना दाखवत. सुकदेवांच्या पोटात दुखे ते ओव्याने थांबणारं नव्हतं. ज्याला घोडा चालवायला आपण शिकवलं, त्याचीच वाहवा ऐकत ते भरताच्या वांग्यासारखे आतून भाजत होते.

अखेर उत्तर आलं. राजा मागे न्यायचा नाही, पुढे आणायचा. मग हल्ला फुसका, उंट पाण्यात.

कागद घेऊन सुकदेव सायकलीने थेट पिंप्राळ्याला गेले.

कादरने मशीन थांबवलं. कागद पुरता उलगडलाही नाही.

“राजा पुढे,” तो म्हणाला. “बरोबर शे भाऊ. मी तिथंच मेलो असतो.”

“तुला माहीत होतं?”

“उंट उचलायच्या आधीच दिसलं ना.”

“आणि तरी दिलास? समोर दुसरा कोणी असता तर?”

“दुसरा असता तर नसता दिला.” कादरने दाताने दोरा तोडला. “समोर तुम्ही होते. वीस वर्षं तुमच्यासंगे खेळतो, भाऊ. तुमचा राजा घराबाहेर निघतच नाही.”

आवाजात टोमणा नव्हता. गिऱ्हाईकाच्या कमरेचं माप सांगावं तसं त्याने सांगितलं. टोमणा असता तर सुकदेवांना भांडता तरी आलं असतं.

“पेपरात द्या ना,” कादर कागद परत करत म्हणाला. “खरंच शे ते. मी बी सही करतो. मग लोकांसमोर पुन्हा एक डाव खेळू.”

सुकदेवांनी कागद खिशात घातला.

“नको,” ते म्हणाले. “राहू दे.”

आणि त्यांनी सायकल घराकडे वळवली.