थांबा, ती वाचते आहे

आमच्या घरी वाचणाऱ्याला मदत करायची फार हौस. राजनंदिनी एखाद्या शब्दावर अडली, की मोरीतून तिचे बाबा, ओट्यापासून मी आणि खिडकीतून शेजारची मावशी असा तिघांचा एकच कोरस व्हायचा. पोरगी आठ वर्षांची, तिसरीत, तीही इथल्या मध्य प्रदेशातल्या हिंदी शाळेत. मराठीतला ळ दिसला की बिचकायची. पुढे पुढे तिनं पुस्तकाकडे बघायचंच सोडलं. अडलं की मान वर करून आमची तोंडं बघायची. शब्द तिथूनच मिळायचा ना!

आणि एक दिवस पुस्तक मिटून म्हणाली, "मला नाही येत. तुम्हालाच येतं, तर तुम्हीच वाचा."

मग मी घरात कायदा केला. रोज संध्याकाळी एकच पान. आधी मी वाचणार, मग दोघी मिळून, मग ती एकटी. अडली तर अडू द्यायची. तिनं मागितल्याशिवाय कोणी शब्द द्यायचा नाही. मालोजीराव, म्हणजे आमचे यजमान, पीथमपूरच्या कारखान्याच्या बसमधून उतरून दमून यायचे. पोरगी अडली की चहाचा कप तोंडाला लावून तसेच बसायचे, कारण कप खाली ठेवला तर शब्द निसटेल अशी धास्ती.

"अरे यार, गुदमरतो मी," म्हणायचे.

"गुदमरा," मी म्हणायची.

पोरगी पुन्हा वाचायला लागली. तुटक तुटक, पण पानाकडे बघून.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आम्ही धारहून देवासला मोठ्या जाऊबाईंकडे गेलो. अल्पनाताई महालक्ष्मीची कथा मोबाइलवर लावतात. मोबाइल पाटावर, पोथी फळीवर आणि बायका गप्पांत, असा तिथला रिवाज.

"यंदा कथा आमची राजू वाचेल," मी सांगून टाकलं.

"वाचू दे की! पण जरा जल्दी हं," अल्पनाताई म्हणाल्या. "सगळ्यांचा उपास आहे. आमची आरती होईपर्यंत दिवाळी नको यायला."

राजूनं मला कोपऱ्यात ओढलं. "आई, कुणी मध्ये शब्द सांगितला तर मी उठेन. मग परत कधीच मोठ्यानं वाचणार नाही. तिकडे घरी पण नाही."

ती हट्टाला पेटली की काय करते, हे मला ठाऊक आहे. माझीच मुलगी. मी सगळ्यांसमोर तिची अट मोठ्यानं सांगितली. बायका हसल्या, पण हो म्हणाल्या. यजमानांच्या आत्या, भवानीबाई, तेवढ्या बोलल्या नाहीत. त्यांना अख्खी कथा पाठ. त्या पाटाला अगदी खेटून बसल्या.

राजूनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पहिलं पान सरलं. मालोजीराव दाराशी उभे, तोंडावर रुमाल धरून. कुणी जांभई दिली, कुणी बांगड्या मागे सारल्या. दुसऱ्या पानावर 'ऐश्वर्यसंपन्न' आला आणि बोट थांबलं.

"ऐ... ऐश..."

"ऐश्वर्यसंपन्न!" भवानीबाई म्हणाल्या. पाठोपाठ स्वयंपाकघरातूनही कोणीतरी तेच ओरडलं.

राजूचं बोट उचललं गेलं. तिनं मान वर केली. आत्याबाईंकडे नाही, माझ्याकडे.

"अगं, वाच ना पुढे," आत्याबाई म्हणाल्या. "सांगितला की शब्द."

"तेच नको होतं, आत्याबाई. अट ऐकली होती तुम्ही."

"पोरीच्या अटी कसल्या ऐकायच्या? आणि कथा अर्ध्यात सोडायची नसते हं, दुर्गा. घराला बरं नाही."

"मग बोलायचं नव्हतं." माझा आवाज चढला होता. चढू दे म्हटलं. "राजू, उठायचं असेल तर ऊठ. मी तुला शब्द दिलाय. देवीचं काय ते मी बघते."

अल्पनाताईंचा हात मोबाइलकडे सरकला. मी मोबाइल उचलून मांडीखाली घातला.

राजू उठली नाही. तिनं नाक ओढलं. एकदा पुस्तकाकडे बघितलं, एकदा आत्याबाईंकडे.

"मी तो शब्द ऐकलाच नाही," ती म्हणाली.

"ऐकला नाही? अगं, एवढ्यांदा..."

"नाही ऐकला. आणि तुम्ही जरा मागे बसा, आज्जी. पानावर तुमची सावली पडते."

दाराशी रुमालाच्या आडून खुसखुस झाली. भवानीबाई सरकल्या. गुडघ्यांना शिव्या देत, पण सरकल्या.

बोट परत त्याच शब्दाखाली आलं. "ऐ... श्व... ऐश्व... र्य..." स्वयंपाकघरात झाकण पडलं, कोणी हललं नाही. ती थांबली, मागे गेली, पुन्हा आली. "ऐश्वर्य... सं... ऐश्वर्यसंपन्न." मग तिनं ते वाक्य सुरुवातीपासून एका दमात वाचलं आणि कुणाकडेही न बघता पुढच्या ओळीवर गेली.

आत्याबाईंच्या तोंडून 'शाबास' निघत होतं. मी डोळे वटारले आणि तेही निघू दिलं नाही.