दोन दारांमधला सव्वा तास

आमच्या प्राणीगृहाला दोन दारं आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी बोळकंडी. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे पिंजऱ्यातून सुटलेला उंदीर रस्त्याला लागत नाही. एकोणीस वर्षांत एकही उंदीर निसटला नाही. प्रयोगशाळेच्या बाईही निसटल्या नाहीत. विभागाचं भांडार माझ्याकडे आहे, त्यामुळे आत काय आहे आणि बाहेर काय गेलं, हे मला माहीत असतं.

यंदा बाईंनी निघायचं ठरवलं होतं. समुद्रकाठच्या कासवांच्या अभ्यासकेंद्रात जागा निघाली होती. अर्जावर विभागप्रमुखांची सही हवी, आणि सर तीन महिने सही सोडून सगळं देत होते: चहा, आश्वासनं, बाईंच्या हुशारीची तोंडभर स्तुती. शुक्रवारी पाचला कार्यालय बंद झालं की मुदत संपणार होती.

त्या शुक्रवारी चार वाजता पहिल्या वर्षाची बावीस मुलं उंदरांसमोर बसली. प्राणिशास्त्राचा पहिला धडा बाई दरवर्षी एका दमात सांगतात. सव्वा तास जागचं हलायचं नाही, काहीही झालं तरी मध्ये पडायचं नाही, जे दिसेल ते वेळेसकट लिहायचं. ‘बिचारा’ किंवा ‘घाबरला’ लिहिलं की गुण कापले. एवढं सांगून होतंय तोच आतल्या दाराच्या काचेतून सर डोकावले. बाई अर्ज घेऊन बोळकंडीत धावल्या. आतलं दार त्यांच्यामागे लागलं, आणि त्याची कडी फक्त मुलांच्या बाजूने. अर्ज दिसताच सर घाईने बाहेरच्या दाराकडे वळले, तर दाराची मूठच उपटून त्यांच्या हातात आली. फोन नियमाप्रमाणे बाहेर, खोक्यात.

बाईंनी काच ठोठावली. बावीस माना वर झाल्या, खाली गेल्या आणि पेनं चालू लागली. इतकी गुणी तुकडी बाईंना कधी मिळाली नव्हती.

सर आधी हसले, मग घामाघूम झाले. बाईंनी अर्ज पुढे केला. सर म्हणाले, उजेड कमी आहे. दिवा त्यांच्या डोक्यावरच होता. मग म्हणाले, पेन नाही. बाईंकडे तीन होती. मग त्यांनी विभागाची परंपरा काढली, स्वतःचा रक्तदाब काढला.

“तुम्ही गेलात तर ही मुलं कोण तयार करणार, बाई?”

“झालीत की तयार. कोणी दार उघडतंय का बघा.”

“तिकडे नुसती कासवं. बोलायला माणूस नाही.”

“इथे तीन महिने माणसाशीच बोलतेय, सर.”

मग बाईंनी हळूच सांगितलं, की मुलं आता उंदरांचं नाही, आपलं लिहितायत. कागद पुढे केला, घेतला नाही, हे पाच वेळा तरी लिहून झालं असेल. सरांनी काचेकडे पाहिलं आणि शर्ट नीट खोचला. थोड्या वेळाने त्यांनी अर्ज घेतला, भिंतीवर धरला आणि झोकात सही ठोकली.

“घ्या. तुमच्या वाटेत येणारा मी नाही.”

बाईंनी दोन्ही मुठींनी काच बडवली, कागद हलवून दाखवला. पुढच्या रांगेतली एक मुलगी अर्धवट उठली. शेजारणीने तिला बाही धरून खाली बसवलं.

सव्वापाचला दार उघडलं. कार्यालयाचा कारकून कुलूप लावून कधीच गेला होता. जिना उतरताना सर हळहळले, आपल्याकडून आपण काही कमी ठेवलं नाही म्हणाले, आणि सोमवारी दुसरी तुकडी आठलाच आहे याची आठवण करून दिली.

मुलांचे कागद तपासून सोमवारी माझ्याकडे आले. उंदरांबद्दल त्यांत फारसं नव्हतं. मात्र एका नोंदीवर बावीसही जणांचं एकमत होतं: ‘चार सत्तावन्न. नराने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग सही केली.’

त्या ओळीला बाईंनी प्रत्येकाला पूर्ण गुण दिले होते.