तिसऱ्या घरचं पाणी

सांडूमामांनी नळाखाली ओंजळ धरली, घोटभर पाणी तोंडात घेऊन या गालातून त्या गालात खेळवलं आणि मोरीत थुंकून टाकलं.

"मचूळ हाय," ते म्हणाले.

"अहो बाबा, सगळी आळी हेच पिती," घरमालक म्हणाला. "बोअरचं म्हणल्यावर इतकं चालायचंच. फिल्टर बसवा एक."

"आळीला पिऊ द्या." मामांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. "चल गं प्रेरणा."

प्रेरणानंही चूळ भरून पाहिली. पाणी खरंच मचूळ होतं, त्यामुळे तिला काही बोलता आलं नाही. घर तसं वाईट नव्हतं. दोन खोल्या, पुढं ओटा, डांबरी रस्ता हाकेच्या अंतरावर. पण तिच्या सासऱ्यांची घर बघायची रीतच उलटी. माणसं आधी भिंती बघतात, छत बघतात, संडास कुठं आहे ते विचारतात. मामा आधी पाणी पितात. भिंत पाडून पुन्हा बांधता येते, पाणी कुठून बदलून आणणार, असं त्यांचं म्हणणं. गावात कुणी नवं घर धरायचं म्हटलं की पाण्याची चव बघायला त्यांनाच बोलावणं यायचं, आणि तेही न्हाऊनधुऊन, टोपी घालून जायचे.

तिनं स्कूटी काढली. मामा मागं बसले, एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं सीटचा दांडा धरून. सुरुवातीला सुनेच्या गाडीवर बसायची त्यांना भारी लाज वाटायची. वेशीपर्यंत चालत यायचे आणि कुणी बघत नाहीसं पाहून बसायचे. आता अंगणातूनच बसतात. माणूस कशालाही सवय करून घेतो.

सवय त्या घराला पुष्कळ गोष्टींची करून घ्यावी लागली होती. गोकुळ, मामांचा एकुलता मुलगा आणि प्रेरणाचा नवरा, तापाचं निमित्त होऊन गेला, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. प्रेरणा संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नर्स होती. गाव गंगापूरच्याही पुढं, गोदावरीच्या अंगाला. पहाटे स्कूटीनं गंगापूर, तिथं गाडी लावून एसटीनं शहर. दुपारची पाळी असली की परतीची शेवटची एसटी हुकायची आणि दवाखान्यातच बाकावर आडवं व्हायला लागायचं. पाच वर्षांची श्रेया आजी-आजोबांजवळ. आधी ती रोज विचारायची, आई कधी येणार. मग विचारायचीच बंद झाली. हे प्रेरणाच्या ध्यानात आलं त्या दिवशी ती खूप रडली, आणि रडून झाल्यावर मामांना म्हणाली,

"मला शहराजवळच्या खेड्यात भाड्यानं घर बघायचंय. शहरात नको. श्रेयाला अंगण पाहिजे, अन् तुम्हाला एका गाडीत येता आलं पाहिजे."

मामांनी दावणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी येतो संगं. तुला पाण्यातलं काय कळतंय."

आज सकाळी निघताना प्रेरणा न्हाणीत होती, तेव्हा सासूबाईंचा आवाज तिला ऐकू आला. लक्ष्मीबाईंना, तिच्या आत्याबाईंना, हळू बोलता येतच नाही.

"घर बघा, पण पसंत पडू देऊ नका. तरणी हाय ती. एकदा हा उंबरा वलांडला की ती आपली राहत नसती. अन् तिच्या मागं लेकरू बी गेलं म्हणून समजा."

माठात तांब्या बुडवल्याचा आवाज तेवढा आला. मामा वाटेसाठी बाटली भरून घेत होते. प्रेरणाला सासूबाईंचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता. लेक गेलेल्या बाईच्या घरातून तिची नात उचलून न्यायची, म्हणजे काय, हे तिला चांगलं कळत होतं. रात्र रात्र त्यावरच तर ती कुशी बदलत होती.

ऊन चढलं तसं त्यांनी एका लिंबाखाली गाडी थांबवली. मामांनी बाटली काढून दोन घोट घेतले आणि एकाएकी हसले.

"तुझ्या बापासारखी गत झाली बघ माझी. बाटली घेऊन हिंडायची."

प्रेरणाही हसली. तिचे वडील, पुंडलिकअण्णा, लग्नानंतर दोनदा तिच्या सासरी आले होते, दोन्ही वेळा ऐन मे महिन्यात आणि दोन्ही वेळा स्वतःची बाटली घेऊन. लेकीच्या घरी नातवंड होईपर्यंत तिथलं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. मामांनी तेव्हा त्यांची काय थट्टा केली होती. "व्याही, आमची विहीर रुसलीय तुमच्यावर," म्हणाले होते. अण्णा आपले कोरड्या ओठांनी हसत बसले. श्रेया व्हायच्या आधीच ते गेले. लेकीच्या घरचा घोटभर पाण्याचा योग त्यांच्या नशिबी आला नाही, ही रुखरुख प्रेरणाला अजून होती.

दुसरं घर आणखी पुढच्या गावात होतं. सिमेंटचं, नवंकोरं. मालकिणीनं पितळी तांब्यातून पाणी दिलं. मामांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"जड हाय," ते म्हणाले. "लेकराच्या पोटाला सोसायचं नाय."

प्रेरणा उरलेलं पाणी प्याली. गोड होतं, थेट घरच्या विहिरीसारखं. तिनं मामांकडे पाहिलं. ते टोपी नीट करत दाराकडे वळले होते. या माणसाला खोटं बोलायची सवय नाही. बोलायची वेळ आली की हात आपोआप टोपीकडे जातो. गोकुळ शेवटच्या दिवशी दवाखान्यात, आता बरं वाटतंय का, असं विचारत होता ना, तेव्हाही "व्हय, रंग चांगला दिसतोय तुझा," म्हणताना ते असंच डोकं खाजवत होते. तिला एकदम भरून आलं. मालकिणीला "कळवतो" म्हणाली आणि निघाली.

तिसरं घर भामाबाईंचं. सत्तरीच्या, एकट्या, दोन्ही मुलं पुण्याला. पुढच्या भागात त्या राहत. मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मधे अंगण, अंगणात शेवगा आणि आड. शाळेची भिंत अंगणाला लागूनच, मधल्या सुट्टीतला पोरांचा गलका थेट घरात येत होता. शहराकडच्या बसचा थांबा दारातून दिसत होता.

"तुला रात्र झाली तरी काळजी नाय," भामाबाई प्रेरणाला म्हणाल्या. "लेकरू माझ्यापाशी जेवंल, माझ्यापाशी झोपंल. मला तेवढीच सोबत."

प्रेरणाला ते घर बघताक्षणी आवडलं. इतकं की ती घाबरली. स्वयंपाकाच्या खोलीत उभी राहून ती मनातल्या मनात डबे मांडायला लागली, आणि एक कान मामांकडे लावून राहिली.

मामा इथं आडाकडे गेलेच नाहीत. त्यांनी मागच्या दाराची कडी आतून लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर जाऊन दार खांद्यानं रेटून पाहिलं. खिडकीचे गज एकेक हलवले.

"थांब्यावर रातीला लाइट असती का?"

"असती की," भामाबाई म्हणाल्या.

"अन् ह्या आडाला झाकण?"

"आहे. लोखंडी जाळी आहे. मोटार बसवलीय, उघडायचं कामच नाय पडत."

खोड काढायला जागा शोधताहेत, प्रेरणाला वाटलं. पाण्यात नाही सापडली तर दारात सापडेल. ती मोरीतला नळ सोडून गुपचूप ओंजळभर पाणी प्याली. गार आणि गोड.

थोड्या वेळानं तिनं खिडकीतून पाहिलं. भामाबाई तांब्या-भांडं घेऊन अंगणात आल्या होत्या. मामा शेवग्याखाली बाजेवर बसले होते, उन्हानं पार सुकलेले. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि काहीतरी बोलले. भामाबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी भांडं परत घेतलं. मामा उठून बाहेर गाडीकडे गेले.

झालं. चव बघायचीही गरज राहिली नाही. प्रेरणा तिथंच कट्ट्याला टेकली. आता मात्र तिला राग आला, आणि रागापाठोपाठ रडू. घर तिला घेता आलं असतं. पगार तिचा, निर्णय तिचा. पण या म्हाताऱ्याच्या 'नाही'वर पाय देऊन इथं नांदायचं, हे तिच्यानं झालं नसतं. आज घरी जायचं, आणि उद्या पुन्हा पहाटेची स्कूटी.

भामाबाई आत आल्या. भांडं ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "वडील तुझे लई जुन्या वळणाचे दिसतात."

"वडील नाहीत ते. सासरे आहेत माझे."

"सासरे?" भामाबाई थबकल्या. "मला तर म्हणले, माफ करा, लेकीच्या घरचं पाणी पीत नसतो आम्ही. मी म्हणलं, अहो, अजून घर ठरलं कुठं? तर म्हणले, ठरलं."

प्रेरणा पदर सावरायचंही भान न राहता बाहेर आली.

मामा स्कूटीच्या सावलीत उकिडवे बसून बाटलीतलं तळाचं पाणी पीत होते. सकाळचं पाणी, उन्हात एव्हाना कढत झालं असणार.

"मामा," ती म्हणाली.

"कडी चांगली हाय," मामा म्हणाले. "वरतून एक अडसर बसवून देतो. सुताराला मी आणतो आपल्या."

"हं."

"त्या मघाच्या घरचं पाणी बी गोडच होतं."

"माहितीये मला. मी प्याले होते."

मामांनी मान हलवली. "तवा मी तुझा सासरा होतो."

शाळेची घंटा झाली आणि पलीकडचा गलका हळूहळू शांत झाला. प्रेरणा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. डोळे पुसले, तरी पुन्हा भरत होते.

"पण मामा, अण्णा नातवंड होईपर्यंतच पीत नव्हते. आपली श्रेया तर पाच वर्षांची झाली. तुम्हाला चालतं की."

मामांनी बाटलीचं झाकण सावकाश फिरवून घट्ट केलं. हात टोपीकडे गेला नाही.

"ती त्या घरची. माझ्या गोकुळची," ते म्हणाले. "ह्या घरात अजून कुठं कोण झालंय?"

ते तिच्याकडे बघत नव्हते, थांब्याच्या दिशेनं रस्त्याकडे बघत होते. तिनं पुन्हा संसार थाटावा, हा त्या शब्दांचा अर्थ प्रेरणाला पुरता कळला, आणि तो उच्चारायला त्यांना किती बळ लागलं असेल हेही कळलं. तिनं खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"ऊठ. लोकं बघतेत." उपरणं झटकत ते उभे राहिले. "अन् हे बघ, घरी तू काय बोलू नको. तुझ्या आत्याबाईला मी सांगतो."