निंबाखालचा पाऊस

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक. उदगीरहून जळकोटकडे जाताना एक लहान गाव लागतं, तिथल्या विश्रामगृहाच्या आवारात उभा आहे. वर नरसाळं, पोटात बाटली, एवढाच माझा संसार. पाऊस पडला की बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि किती मिलिमीटर ते लिहायचं.

लातूर जिल्हा नवा झाला, त्या वर्षी मला इथं रोवलं. चौकीदार चंद्रप्पा रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहीत. दुष्काळाचे दिवस होते. बहुतेक वेळा शून्यच. त्यांची मुलगी जगदेवी तो आकडा आपल्याही वहीत उतरवून घेई. मला उगीच मोठं झाल्यासारखं वाटे.

माझ्याजवळ निंबाचं रोप होतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली माणसं इथं हजेरीसाठी उन्हात ताटकळत. त्यांना सावली व्हावी म्हणून चंद्रप्पा आंघोळीचं पाणी त्या रोपाला घालत. चार वर्षांत निंब वाढला आणि त्याची फांदी माझ्या डोक्यावर आली. सर आली की निम्मे थेंब पानांवरच अडत. मला ते कळत होतं, पण सांगू कसं? जीव नुसता तगमगत राही.

जगदेवीने माझ्याच आकड्यांवर एक निबंध लिहिला. अर्जासोबत पाठवलेला तो निबंध वाचून हॉलंडच्या एका संस्थेने तिला जलशास्त्र शिकायला शिष्यवृत्ती देऊ केली. इकडे नांदेडला एम.एस्सी.लाही जागा मिळाली. सोमवारी उत्तर पाठवायचं होतं. ती माझ्याभोवती येरझाऱ्या घाली, मध्येच थांबे, पुन्हा चालू लागे.

"जा की, जगू," चंद्रप्पा म्हणत. "आपल्या घरातलं कोण हैदराबादच्या पुढं गेलंय?"

"तिथं जवारीची भाकर मिळंल का?" आई सिद्धम्मा विचारत.

"अव्वा, तिथं पाणी लई हाय. म्हणून तर शिकवतात."

"लई हाय तर त्यांना शिकून काय करायचंय? पाणी न्हाई ते आपल्याकडं!"

शनिवारी पहाटे एक सर येऊन गेली. माझ्या बाटलीत नऊ मिलिमीटर भरलं. सिद्धम्मांचा सरळ काठाचा पत्र्याचा डबा अंगणात उघड्यावर राहिला होता. जगदेवीने सहज त्यात फूटपट्टी उभी केली. सोळा मिलिमीटर!

"तुझ्या सरकारी भांड्यापेक्षा माझा डबा हुशार निघाला गं," सिद्धम्मा हसल्या.

जगदेवी हसली नाही. धावत माझ्याजवळ आली आणि पहिल्यांदाच तिने वर बघितलं.

"अप्पा, आपले आकडे चुकलेत."

चंद्रप्पांनीही वरच्या फांदीकडे बघितलं. "मीच पाणी घातलं गं त्याला."

"मी बी रोज इथंच उभी होते. मला तरी कुठं दिसलं?"

थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "हॉलंडला कशाला सांगतीस? तिथून कोण बघायला येणार हाय?"

"कोणी येणार न्हाई, म्हणूनच सांगायचं."

रविवारी तिने हॉलंडला पत्र लिहिलं: निबंधातले आकडे चुकीचे आहेत, त्यावर मिळालेली शिष्यवृत्ती मी घेऊ शकत नाही. आधी नांदेडला शिकेन, आपल्या भागातले आकडे नीट करीन, मग पुन्हा अर्ज करीन. रोजचे आकडे जिथं जात, त्या लातूरच्या कचेरीलाही असंच एक पत्र लिहिलं. फांदी तिने तोडू दिली नाही. हजेरीची माणसं कुठं बसणार? चंद्रप्पांनी कुदळ घेऊन मलाच उघड्यावर हलवलं.

सोमवारी ती दोन पाकिटं घेऊन चंद्रप्पा तीनदा फाटकापर्यंत गेले आणि तीनदा परतले. चौथ्यांदा मात्र टपालपेटीपर्यंत गेले.

मित्रांनो, आता माझा पत्रा गंजला आहे. जाता-येता मुलं माझ्या नरसाळ्यात खडे टाकतात. कृपा करून टाकू नका. माझा आकडा लातूरच्या कागदावर जातो, त्यावरून कुठल्या गावाला टँकर जायचा ते ठरतं. मी खोटं बोललो, तरी तहान मात्र खरी असते.