वाएलचा आखूड दात

चौदाव्या वर्षी फुटबॉल खेळताना वाएलचा पुढचा दात पडला. जॉर्डनमधल्या इरबिद शहरातल्या दातांच्या डॉक्टर सौसन यांनी वाढ पुरी होईपर्यंत काढता-घालता दात सुचवला. आत्याच्या लग्नात मुलगा म्हाताऱ्यासारखी कवळी लावून दबके हा फेराचा नाच नाचणार, हे वडिलांना, नाझिमना, पटले नाही. त्यांनी दुसरीकडे जाऊन हाडात पक्का दात बसवून घेतला. पुढे जबडा वाढला, शेजारचे दात खाली सरकले. हा मात्र हाडाला धरून जागीच राहिला.

आता एकविशीतल्या वाएलला घेऊन ते पुन्हा सौसनकडे आले होते.

"याच्या साखरपुड्याआधी दात जरा खाली ओढता येईल?" नाझिमनी विचारले.

"अबू वाएल," सौसन वाएलच्या बाबांना रीतीप्रमाणे मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाल्या, "तो हाडाशी एकजीव झालाय. दातावरची टोपी लांबवता येईल, पण हिरडी वरच राहील. हसला की दिसणार."

नाझिम मुलाकडे वळले. "तुझ्या भल्यासाठीच केलं रे."

"ठाऊक आहे, बाबा. पण मला विचारलं असतंत, तर मी कवळीच घेतली असती. वर्गात काढून दाखवली असती, तर गणिताचे सरसुद्धा हसले असते."

सौसन हसल्या. नाझिमना हसू आले नाही. दात ठरवला त्या दिवशी वाएल बाहेर बाकावर बसला होता आणि त्याला आत बोलवावे, हे त्यांना सुचलेही नव्हते.