पदरातली चिंच

"पदर झटक, गंगाबाय," प्रभाकर म्हणाला.

गंगाबाईनं पदर झटकला. खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर हिरवट भुकटी पडली. आपटा गावाच्या रस्त्यावरच्या त्या औषधांच्या कारखान्यात सुटताना रोज बायांची अशी झडती व्हायची. माल होता भांगेचा पाला, परवाना काढून आणलेला. कृष्णकांतशेठ त्याला विजया म्हणायचे. भांग म्हटलेलं त्यांना खपत नसे. बायांनी पाला कुटायचा, चाळायचा आणि चिमूटभरही बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा कायदा होता.

मुकादम प्रभाकरनं पदराची गाठ सोडायला लावली. आत चिंच निघाली. तिचा वास घेऊन त्यानं ती परत दिली.

चिंचेची गोष्ट अशी. चाळणीच्या खोलीत पंखा लावायचा नाही, माल उडतो. खिडक्यांना चिकटपट्ट्या मारलेल्या, माल बाहेर जातो. बाया तोंडाला पदर गुंडाळून दिवसभर चाळत बसायच्या. वर्षभरात गंगाबाईच्या छातीत शिट्टी वाजायला लागली, हंडा उचलला तरी दम लागायला लागला. सगळ्यांनी एकच निकाल दिला, की बाईला भांग चढते. आणि भांगेवर उतारा आंबटाचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. तेव्हापासून ती चिंच चोखत होती. दात आंबून गेले, दम काही कमी होईना.

खाडीकाठच्या तिच्या कोळीवाड्याला आयतीच गंमत मिळाली. एरवी तिचा तिथे दरारा होता, कारण ती धवलारीण होती. लग्नातले विधी तिच्या धवल्यावर, म्हणजे गाण्यावर, चालायचे. तिनं धवला धरला की नवरीला हळद लागायची, ती थांबली की हळदीचे हात थांबायचे. सासूनं शिकवताना एकच ताकीद दिली होती: धरलेला धवला दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा नाही. माघातल्या एका लग्नात मात्र तिचा श्वास मध्येच तुटला. मागून कुणीतरी "चढली" म्हणालं, मांडव हसला आणि पुढचं गाणं दुसरीनंच पुरं केलं. ते हसणं गंगाबाईच्या मनातून जाईना.

आता वैशाखात कोमलची हळद होती. कोमल तिच्या दिराची मुलगी, पण आईविना पोर, गंगाबाईच्याच हाताखाली वाढलेली. एका संध्याकाळी दीर काशिराम ओट्यावर येऊन बसला आणि बराच वेळ जाळ्याचं, विमानतळाचं, नको नको ते बोलत राहिला. शेवटी खाली बघून म्हणाला, "वयनी, या बारीला उरणची धवलारीण बोलवू या. तुजा जीव पन बघाया नको?"

त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणूनच ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी खाडा करून ती पनवेलच्या सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टर अरुंधतीबाईंनी छाती तपासली, एका नळीत फुंकायला लावलं, काम काय करता ते विचारलं. गंगाबाईनं भांगेचं सांगितलं, लाजत लाजत चिंचेचंही सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"ही नशा नाहीये, गंगाबाई. ती भुकटी श्वासातून आत जाते, त्यानं तुम्हाला दमा झालाय. तोंडानं ओढायचा पंप देते, आराम पडेल. पण त्या बंद खोलीत बसत राहिलात तर वाढतच जाणार."

"गला परत येल?"

"सगळा येईलच असं नाही सांगता येत."

घरी येताना तिला रडू आलं नाही, संताप आला. शेठची खिडकी बंद राहावी म्हणून आपण चिंच चोखत बसलो आणि वर लोकांचं हसणं खाली मान घालून सोसलं, याचा तिला मनस्वी राग आला.

सकाळी खोलीत शिरल्या शिरल्या तिनं खिडकीच्या पट्ट्या नखांनी ओरबाडून काढल्या. कर्नाळ्याच्या बाजूचा वारा आत घुसला आणि हिरवा लोट उठला. बाया घाबरल्या. शेजारी बसणारी किशोरी म्हणाली, "मावशे, येड लागलंय काय तुला?" पण तिनंही नाकावरचा पदर खाली घेतला आणि पोटभर श्वास घेतला.

प्रभाकर धावत जाऊन शेठना घेऊन आला. आत येताना शेठनी नाकाला रुमाल लावला.

"माल उडतोय, गंगाबाई. आधीच रोज वजनात तूट येते. ती कुठे जाते, मला कळत नाही असं वाटतं?"

"नायच कलत, म्हनून सांगते. तुमची तूट आमच्या छातीत हाय, शेठ. तिची घ्या झडती." तिनं दम घेतला. "नायतर त्यो रुमाल काढा, खिरकी लावा नि बसा आमच्या संगं दिवसभर."

शेठनी रुमाल काढला नाही. ज्याला जमत नसेल त्यानं घरी जावं, एवढं म्हणून त्यांनी किशोरीला खिडकी लावायला सांगितलं. किशोरी खाली मान घालून चाळत राहिली. दुसरीही कुणी उठली नाही. शेवटी प्रभाकरनंच ती लावली.

गंगाबाई निघाली. दारात प्रभाकर सवयीनं "पदर" म्हणाला. तिनं पदराची गाठ सोडली आणि चिंच पांढऱ्या चादरीवर ठेवली.

"ही ठेव शेठला," म्हणाली, आणि पदर न झटकता बाहेर पडली.

हळदीच्या दिवशी उरणची धवलारीण वेळेवर आली होती. गंगाबाई तिच्या पुढे जाऊन बसली. काशिराम काही बोलायला गेला, पण तिचा चेहरा पाहून मागे सरला. तिनं धवला धरला. आवाज पूर्वीचा नव्हता, जाडाभरडा झाला होता. तिसऱ्या ओळीवर श्वास तुटला आणि छातीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू आली.

उरणच्या बाईनं पुढची ओळ उचलायला तोंड उघडलं. गंगाबाईनं हात वर करून तिला थांबवलं. मग कमरेचा पंप काढला, सगळ्यांच्या देखत तोंडाला लावून ओढला आणि डोळे मिटून बसली. या वेळी मागून कुणी काही बोललं नाही. कोमल पाटावर ताठ बसून काकीकडे बघत होती. बायांचे हळदीचे हात तिच्या गालांपाशी तसेच थांबले होते, आणि हळद तिच्या पांढऱ्या लुगड्यावर ठिबकत होती.